'हार्डली'पुढे 'दॅन' नाही हो, 'व्हेन'!

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. पत्र जरा लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवते. जागेअभावी कापायचं झालं तर कुठूनही कापा, फक्त मधली आंब्याच्या पेटीची गोष्ट तेवढी ठेवा, ती माझी नाही, माझ्या वडिलांची आहे.

गेल्या मंगळवारी तुमच्या स्पर्धा परीक्षेच्या पानावर इंग्रजीचे दहा प्रश्न होते, रिकाम्या जागा भरा टाइपचे. त्यातला सातवा असा होता, 'हार्डली हॅड वी रीच्ड द स्टेशन, डॅश, द ट्रेन लेफ्ट.' पर्याय चार, दॅन, व्हेन, देन आणि व्हाइल. खाली उलट्या अक्षरांत उत्तरं छापली होती त्यात ७ च्या पुढे 'अ', म्हणजे दॅन. ते चुकलंय हो. तिथे व्हेन पाहिजे. घाईत होतं असं, मी स्वतः बँकेत काउंटरवर बसते, दुपारी साडेतीनला डोळ्यांसमोर आकडे कसे नाचतात ते मला माहितीये, त्यामुळे चुकीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळीच.

झालं असं की माझी पुतणी, मोठ्या भावाची मुलगी, वय वर्षं एकवीस, सध्या बँक आणि एसएससीची (दहावीची नाही, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची स्टाफ सिलेक्शन कमिशन) तयारी करतेय. दर रविवारी सकाळी मी भावाकडे जाते, दोन गल्ल्या सोडूनच घर आहे, तिथे ती आणि तिच्या तीन मैत्रिणी हॉलमध्ये सतरंजी टाकून बसतात आणि आठवडाभरात जे अडलं ते मला विचारतात. मी काही टीचर वगैरे नाही, तिसऱ्या अटेम्प्टला क्लार्क म्हणून लागलेली आहे एवढंच माझं क्वालिफिकेशन, पण दोन अटेम्प्ट इंग्रजीनेच खाल्ले त्यामुळे कुठे पाय घसरतो ते मला चांगलंच माहितीये. तर त्याच्या आदल्या रविवारी मी तिला सांगितलं होतं हार्डलीला व्हेन लाव. मंगळवारी रात्री तिचा फोन. आत्या, पेपरात दॅन आहे. म्हटलं पेपरात चूक असेल. तर म्हणते, "पेपर चुकेल की तू चुकशील?" घ्या! आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबरच होतं, कारण मी पण तिला नुसतं उत्तर सांगितलं होतं आणि तुम्ही पण नुसतं उत्तर छापलं होतं, माझं 'ब' तुमचं 'अ', आता त्या पोरीने कुणाचं अक्षर मानायचं? छापलेलंच मानणार ना.

मग फोनवरच तिला कारण सांगितलं जे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. दॅन हा शब्द तुलनेचा, आपल्या 'पेक्षा'चा भाऊ. बेटर दॅन, टॉलर दॅन. हार्डली, स्केअर्सली आणि नो सूनर, तिघांचा अर्थ एकच, 'अमुक होतं न होतं तोच तमुक'. पण 'नो सूनर'मध्ये सूनर आहे, सून म्हणजे लवकर आणि सूनर म्हणजे आणखी लवकर, म्हणजे तिथे तुलना आली म्हणून मागून दॅन येतो. हार्डलीत आणि स्केअर्सलीत तुलना कुठेय? नाहीये. म्हणून तिथे दॅन येत नाही, व्हेन येतो. बोलताना इंग्रज लोक पण सरमिसळ करत असतील, त्यांची भाषा आहे, त्यांना कोण मार्क कापणार, पण परीक्षेत व्हेनच. यावर ती दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली की एवढंच होतं तर मग हे आजपर्यंत कोणी सांगितलं का नाही.

हीच माझी तक्रार आहे संपादक साहेब. उत्तर सगळे देतात, कारण कोणी देत नाही. आणि दिलंच तर इंग्रजीतून देतात, ज्याला मुळात इंग्रजीचंच अडलंय त्याला.

तुम्हाला वाटेल एका प्रश्नावरून किती हा गहजब, तर जरा हिशोब बघा. एसएससीच्या सीजीएलच्या, म्हणजे पदवीधरांच्या परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न ६० मिनिटांत, त्यातले २५ इंग्रजीचे, बरोबर आला तर २ मार्क आणि चुकला की अर्धा कट. म्हणजे एक हार्डली चुकला की फरक दोनचा नाही, अडीचचा पडतो, असे सहा चुकले की १५ मार्क गेले. आयबीपीएस ही संस्था घेते त्या बँक क्लार्कच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत, एकाला ४० सेकंद, चुकला की पाव मार्क कट आणि वरून प्रत्येक विभागाचा वेगळा कट-ऑफ, म्हणजे गणित आणि रीझनिंगमध्ये तुम्ही कितीही दिवे लावा, इंग्रजीचा कट-ऑफ नाही गेला तर घरी बसा. आता ही परीक्षा मराठीतूनही देता येते हे चांगलंच झालं, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहणार ना. म्हणून मग आमच्याकडची बरीच मुलं काय करतात, रेल्वेची एनटीपीसी, म्हणजे स्टेशनमास्तर, क्लार्क अशा पदांची परीक्षा धरतात, कारण तिथे इंग्रजीचा वेगळा विभागच नाही आणि पेपर मराठीत मिळतो. धरा ना, काही हरकत नाही, पण इंग्रजी जमत नाही म्हणून बँकेचा फॉर्मच भरायचा नाही हे काय बरोबर नाही.

आणि हे शाळेचं इंग्रजी कमी पडलं म्हणून होतं असंही मला वाटत नाही. मी नवी मुंबईत मराठी शाळेत शिकले, आम्हाला एबीसीडी पाचवीत आली. २००० साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं तेव्हा मी सातवीत होते, आमचं काय ते हुकलं. माझी पुतणी मात्र पहिलीपासून इंग्रजी शिकलेली, वर सेमी इंग्लिश. चार वर्षं जास्त. आणि चुका? माझ्याच! तीच 'सिन्स' आणि 'फॉर'ची, तीच 'डिस्कस अबाउट'ची. माझी २०१२ ची जुनी वही काढून तिच्या वहीशेजारी ठेवली तर अक्षर सोडून सगळं सेम. मग मला वाटलं की चूक जर दोन पिढ्यांत एकच असेल तर ती शाळेतून नाही आलेली, ती आपल्या बोलण्यातूनच येतेय.

म्हणजे बघा. 'शी हॅज बीन लिव्हिंग इन ऐरोली, डॅश, टेन इयर्स.' पोरी पटकन सिन्स टाकतात. का? कारण आपण म्हणतो ती दहा वर्षांपासून ऐरोलीत राहते. आणि ती २०१५ पासून ऐरोलीत राहते. आपल्याला दोन्हीकडे एकच 'पासून' पुरतो, इंग्रजीला दोन लागतात. एकदा हे सांगितलं ना की मग पुढचं सोपं, कॅलेंडरवर बोट ठेवता येतं का बघ, येत असेल तर सिन्स, आणि बोटांवर मोजावं लागत असेल तर फॉर. चारही जणींना पाच मिनिटांत कळलं. गाइडमध्ये याच गोष्टीवर 'पॉइंट ऑफ टाइम' आणि 'पिरियड ऑफ टाइम' असं दीड पान आहे, पाठ सगळ्यांचं होतं, वापरता एकीलाही येत नव्हतं.

तसंच 'मॅरीड विथ'चं. आपल्याकडे लग्न कोणाशी तरी होतं, त्या 'शी'चं विथ होतं आणि इंग्रजीत हवा असतो टू. आपण ठाण्याला पोचतो, त्या 'ला'चं 'रीच्ड टू ठाणे' होतं आणि इंग्रजीत तिथे काहीच लागत नाही, नुसतं 'रीच्ड ठाणे'. आपण पाण्याच्या प्रश्नाबद्दल चर्चा करतो म्हणून डिस्कसला अबाउट चिकटतो. साहेब माझ्यापेक्षा सीनियर आहेत म्हणून 'सीनियर दॅन मी', आता इथे तर मुलं म्हणतील की तुम्हीच म्हणालात ना पेक्षा म्हणजे दॅन, तर हे सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर लॅटिनमधून आलेले पाहुणे आहेत, तिकडची तुलनेची रूपं घेऊनच आलेत, त्यांना दॅन चालत नाही, टू लागतो. आणि सगळ्यात फेमस म्हणजे 'ऑलदो' टाकून पुढे 'बट' टाकणं. हा बट येतो आपल्या जरी-तरीमधून. आपल्याकडे जरी आला की तरी येणारच, जोडीनेच फिरतात ते. इंग्रजीत ऑलदो एकटाच येतो, बटला घरी ठेवून.

आता याची दुसरी बाजू पण आहे, आणि ती मला वडिलांनी दाखवली. कापू नका म्हटलं तो भाग हाच.

माझे वडील माथाडी. वाशीच्या मार्केटमध्ये, आधी कांदा-बटाट्याला आणि नंतर बरीच वर्षं फळ मार्केटला. आता रिटायर, रविवारी हॉलमधल्या खुर्चीत पेपर घेऊन बसतात, आमचा गोंधळ चालू असतो खाली सतरंजीवर. शिक्षण चौथी, साताऱ्याकडचं गाव. त्या दिवशी प्रश्न होता, 'अ बॉक्स ऑफ मँगोज, डॅश, अराइव्हड', हॅज की हॅव. चारपैकी तिघींनी हॅव टिक केलेलं, कारण मँगोज अनेकवचनी आणि रिकामी जागा त्याच्या अगदी बाजूलाच. मी आपली सुरुवात केली की बघा ऑफच्या आधीचं नाम बघायचं, मुख्य कर्ता कोण, हे ते. पोरींचे चेहरे कोरे. वडिलांनी विचारलं काय चाललंय, म्हणून मी मराठीत सांगितलं की आंब्यांची पेटी आली म्हणायचं की आले म्हणायचं यावर चाललंय. पेपर खाली पण न घेता म्हणाले, "गाडीतनं उतरती काय? पेटी उतरती का आंबं उतरत्यात? पाठीवर पेटीच घेतो की माणूस. मग पेटी आली."

संपलं. त्या दिवसानंतर त्या चौघींना हा प्रश्न चुकलेला मी बघितला नाही. 'द क्वालिटी ऑफ द रोड्स', 'अ लिस्ट ऑफ आयटम्स', 'द प्राइस ऑफ ओनियन्स', काही आलं तरी एकमेकींना विचारतात, "पाठीवर काय घेतलं?" रोड्स की क्वालिटी? क्वालिटी. मग इज.

तर सांगायचं हे की मराठीमुळे आपण चुकतो हे अर्धंच झालं, मराठीमुळे आपण बरोबर पण येतो, फक्त कुणीतरी ते दाखवायला पाहिजे. आंब्यांची पेटी आले असं आपण झोपेत पण म्हणत नाही. 'वन ऑफ द'च्या पुढे अनेकवचन आणि क्रियापद एकवचनी, हे गाइडमध्ये चौकटीत ठळक छापलेलं असतं, अरे पण आपण म्हणतोच की मुलांपैकी एक नापास झाला, मुलांपैकी अनेक आणि झाला एक. 'इफ इट विल रेन' असं लिहिणाऱ्या पोरीला विचारा की तू 'पाऊस पडेल तर मी येणार नाही' म्हणतेस का, नाही म्हणत, 'पाऊस पडला तर' म्हणतेस, म्हणजे तुझ्या मराठीला पण 'तर'च्या अलीकडे ते भविष्यकाळाचं 'पडेल' नकोच आहे, मग इंग्रजीत कशाला कोंबतेस.

आणि अ की ॲन याची तर मला एक युक्ती सापडली आहे ती तुमच्या वाचकांसाठी फुकट देते. व्हॉवेल साउंड वगैरे विसरून जा. पुढचा शब्द जसा बोलतो तसा देवनागरीत लिहून बघा. स्वराने सुरू झाला तर ॲन, व्यंजनाने झाला तर अ. युनिव्हर्सिटी, पहिलं अक्षर य, म्हणून अ युनिव्हर्सिटी. अवर, पहिलं अक्षर अ, म्हणून ॲन अवर. ऑनेस्ट, ॲन. युरोपियन, अ. एमपीएससी, पहिलं अक्षर ए, म्हणून ॲन एमपीएससी एक्झाम. वन रुपी नोट, व, म्हणून अ. स्पेलिंग 'यू'ने सुरू होवो नाहीतर 'एच'ने, आपलं देवनागरी फसत नाही कारण आपण उच्चार लिहितो. हे कळलं तेव्हा मी ट्रेनमध्ये एकटीच हसले होते, समोरची बाई सरकून बसली.

ट्रेनवरून आठवलं. मी तयारी करत होते तेव्हा ठाण्याला स्टेशनजवळ एका क्लासला जायचे, नाव नको, फी बारा हजार होती आणि सर सांगायचे रूल नंबर ४७ पाठ करा, रूल नंबर ४८ पाठ करा. पाठ झाले हो. पण परीक्षेतल्या वाक्यावर रूलचा नंबर लिहिलेला नसतो ना! त्या क्लासने काही दिलं नाही, पण कोपरखैरणे ते ठाणे या प्रवासाने दिलं. ट्रान्सहार्बर लोकलला साधारण वीसेक मिनिटं लागतात, तेव्हा मधे दिघा गाव स्टेशन झालेलं नव्हतं. आणि बँकेच्या इंग्रजीला वेळ पण वीसच मिनिटं. जागा मिळाली की तीस प्रश्न घ्यायचे, ऐरोलीपर्यंत पंधरा, ठाण्याच्या नऊ-दहा नंबरला गाडी लागायच्या आत तीस. परत येताना नवीन प्रश्न घ्यायचे नाहीत, जाताना जे चुकले तेच बघायचे आणि वहीत लिहायचं, मी काय टिक केलं आणि ते टिक करावंसं का वाटलं. दुसरा कॉलम महत्त्वाचा. 'दहा वर्षांपासून म्हणतो म्हणून', 'शेजारी मँगोज होतं म्हणून', 'शब्द ओळखीचा वाटला म्हणून', 'घाई' असं काहीबाही. तीन महिन्यांनी बघितलं तर चारशे चुका नव्हत्याच, आठ-दहाच चुका होत्या, त्याच चाळीस चाळीस वेळा केलेल्या.

पुतणी मोबाइलवर रोज शंभर प्रश्न सोडवते. ॲप तिला रोज फटाके दाखवतं, सलग साठ दिवस झाले, अभिनंदन. मी विचारलं किती बरोबर येतात, तर साधारण पंचावन्न. सुरुवातीला किती यायचे? पंचावन्न. म्हणजे रोज पंचेचाळीस चुकतात आणि रोज तेच पंचेचाळीस, फटाके मात्र वाजतायत. लाल फुली येते, खाली बरोबर उत्तर येतं, अंगठ्याने वर सरकवलं की पुढचा प्रश्न. याला प्रॅक्टिस म्हणायचं का? माझ्या मते याला चूक पक्की करणं म्हणतात. आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या त्या पीडीएफ, त्यात तर एकाच प्रश्नाला दोन पीडीएफमध्ये दोन उत्तरं. स्टेशन रोडवर सेकंडहँड घेतलेली दोन गाइडं आहेत तिच्याकडे, त्यांचंही आपसात पटत नाही.

वाक्य पूर्ण करायचे जे शब्दांचे प्रश्न असतात त्यात तर गंमत आहे. मुलं शब्दांच्या याद्या पाठ करतात, रोज वीस शब्द, अर्थासकट. पण गाळलेला शब्द यादीत नसतो, तो वाक्यातच असतो, लपवलेला. परवाचं उदाहरण. 'ऑलदो द वॉटर सप्लाय वॉज डॅश, द रेसिडेंट्स डिड नॉट कम्प्लेन.' पर्याय ॲडिक्वेट, इररेग्युलर, क्लीन, फ्री. पुतणीने ॲडिक्वेट टिक केलं, का तर परवाच्या यादीत होता, अर्थ येत होता, पुरेसा, आणि पाणी पुरेसं असतंच. मी म्हटलं हात ठेव पर्यायांवर. झाक. आता नुसतं वाक्य वाच आणि मराठीत सांग. "जरी पाणी... असं होतं, तरी लोकांनी तक्रार नाही केली." मधे काय येईल? ती हसायला लागली, म्हणाली, "जरी पाणी वेळेवर येत नव्हतं." आता हात काढ. इररेग्युलर. चाळीस सेकंद पण लागले नाहीत. तो 'ऑलदो' पहिल्याच जागी उभा राहून ओरडत होता की पुढे उलटं येणार आहे, पण ती त्याच्याकडे न बघता थेट पर्यायांत घुसली होती. डिस्पाइट, बट, हाउएव्हर आले की वाक्य वळतं, बिकॉज, देअरफोर आले की सरळ जातं, ही वळणं आधी बघायची आणि मग जागा भरायची. पर्याय झाकायला मी तेव्हा ट्रेनचा पास वापरायचे, आता पोरी मोबाइलवर अंगठा ठेवतात. काही का असेना, झाकायचं.

सगळंच असं मराठीतून सुटतं असा माझा दावा नाही. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट आउट' म्हणजे विझवणं, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, इथे कारण विचारून उपयोग नाही, ते कानावर पडूनच येतं. पण तिथे पण निदान एवढं सांगता येतं की बाई गं, तू खाऊन टाक, खाऊन घे, खाऊन बसली हे तीन वेगळे अर्थ कुठल्या गाइडमधून शिकलीस? आईच्या तोंडून ऐकून शिकलीस. तसं हे ऐकायचं, वाचायचं, शब्द एकटा न घेता अख्खं वाक्य घ्यायचं. इथे शॉर्टकट नाही आणि जो शॉर्टकट आहे म्हणतो त्याची फी विचारून घ्या.

तुमच्या पानाबद्दल अजून एक. सगळ्या परीक्षांना एकच सल्ला छापू नका, 'येत नसेल तर सोडून द्या' असा. तो एसएससी आणि बँकेला ठीक आहे, कारण कट आहे. पण २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना २०० मार्क होते, त्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, आणि निगेटिव्ह मार्किंग नव्हतंच. तिथे तुमचा सल्ला ऐकून कोणी पाच प्रश्न कोरे सोडले असतील तर त्याने स्वतःच्या हाताने नुकसान करून घेतलं. प्रत्येक वेळी जाहिरात वाचायची आणि मग ठरवायचं, एवढं एक वाक्य टाकलंत तरी पुरे.

आमच्या ठाण्यात महापालिकेची प्रशासकीय परीक्षांच्या तयारीची संस्था आहे, चिंतामणराव देशमुखांच्या नावाची. देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, मॅट्रिकला १९१२ साली संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप घेतलेले, पुढे १९१८ ला लंडनला आयसीएसमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या परीक्षेत, पहिले, आणि १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मी हे पोरींना सांगितलं तर एक म्हणाली, म्हणजे संस्कृत पण करायचं का आता? नाही गं बाई. एवढंच की ज्याला एका भाषेचं व्याकरण आतून कळलंय त्याला दुसरीचं इतकं परकं वाटत नसावं, असा माझा आपला अंदाज. आपल्याकडे उलटं झालंय, मराठीचं व्याकरण मराठीच्या पेपरपुरतं आणि इंग्रजीचं इंग्रजीच्या पेपरपुरतं, सरळसेवेत, म्हणजे तलाठीसारख्या थेट भरतीत, दोन्ही एकाच दिवशी एकाच खुर्चीत बसून सोडवायचे असतात तरी मधे भिंत. मराठीच्या प्रश्नात कर्ता ओळखता येतो, दहा मिनिटांनी इंग्रजीत आंब्यांच्या मागे जातात.

तर मागणी एवढीच. दहा प्रश्न छापू नका, पाच छापा. उरलेल्या जागेत प्रत्येक उत्तराखाली दोन ओळी, मराठीत, की हे का बरोबर आणि मुख्य म्हणजे आपल्याला दुसरं का बरोबर वाटलं. जागा तेवढीच लागेल, मी पट्टी लावून मोजलंय. आणि उत्तरं उलटी छापायची बंद करा, आमच्या वडिलांना मान वाकडी करून वाचावी लागतात, ते हल्ली स्वतःच उत्तरं तपासून बघतात. लिहायला माणूस नसेल तर पहिल्या चार आठवड्यांचे वीस प्रश्न कारणांसकट मी लिहून देते, तयारच आहेत वहीत, मानधन वगैरे काही नको. फक्त एखाद्या इंग्रजीच्या जाणकार प्राध्यापकांकडून तपासून घ्या, मी पण चुकू शकते, काउंटरवरची बाई आहे मी.

पण त्याच्या आधी येत्या मंगळवारी त्या सातव्या प्रश्नाची दुरुस्ती छापा, कारणासकट. पुतणीला कारण पटलंय, तरी तिचं म्हणणं आहे की पेपरवाले चूक मान्य करणार नाहीत, आणि माझं म्हणणं आहे की करतील. वाशी स्टेशनबाहेरच्या चार वडापाववर पैज लागलीय. पेपर हातात पडल्या पडल्या, म्हणजे 'नो सूनर'वालं, ती पान उघडणार आहे.

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई